नोंद आणि माल

सायंकाळची वेळ आहे. औषधांच्या दुकानासमोर गिऱ्हाइकांची गर्दी आहे. एक मुलगा डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करतो. त्याच्या आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत. दुकानातील मदतनीस संगणकावर औषधाचे नाव टंकतो. पडद्यावर 'शिल्लक : ४ स्ट्रिप' असे दिसते. तो खण उघडतो, तर खण रिकामा! शेजारचे दोन खण पाहिले जातात, फळीवर शोध घेतला जातो. पण गोळ्या सापडत नाहीत. मुलगा रिकाम्या हाताने दुसऱ्या दुकानाकडे वळतो. रात्री हिशेब पाहताना मालक मदतनीसाला विचारतो, "चार स्ट्रिप गेल्या कुठे?" या प्रश्नात संशयही मिसळलेला असतो.

चूक कोणाची? संगणकाची, की मदतनीसाची? कदाचित दोघांचीही नसेल. माल येताना सहाऐवजी दहा स्ट्रिपची नोंद झाली असेल, किंवा मुदत संपलेल्या चार स्ट्रिप बाजूला काढल्या गेल्या आणि ते नोंदवायचे राहून गेले असेल. संगणकाला खणातील माल दिसत नाही; त्याला केवळ नोंद दिसते. व्यवसाय व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर वापरताना ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर बाकीच्या गोष्टी समजण्यास सोप्या जातात.

वहीपासून संगणकापर्यंत

आपल्याकडे व्यापाराचा हिशेब ठेवण्याची परंपरा जुनी आहे. दिवसभराचे व्यवहार रोजमेळात लिहायचे, तेथून ते खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवायचे आणि वर्षाच्या शेवटी नफा-तोटा काढायचा, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मात्र या वह्यांत पैशाचा हिशेब जितका काटेकोर असे, तितका मालाचा नसे. मालाचा अंदाज दुकानदाराच्या डोक्यात असे. वस्तू थोड्या असतात तेव्हा हे जमते. औषधांच्या दुकानात वस्तूंची संख्या हजारांच्या घरात जाते आणि प्रत्येक वस्तूच्या निरनिराळ्या बॅच, निरनिराळ्या मुदती असतात. इतके सारे कोणाच्याही स्मरणात राहणे शक्य नाही.

१९८० च्या दशकात भारतात वैयक्तिक संगणक कार्यालयांत येऊ लागले. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी बंगळूर येथे हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करण्याच्या उद्योगास प्रारंभ केला. पुढे 'टॅली' या नावाने ते देशभर पोहोचले. भरत गोयंका यांना २०२० मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. टॅलीखेरीज अन्य अनेक सॉफ्टवेअर आज वापरात आहेत. त्यांतील काही खास औषध विक्रेत्यांच्या गरजा ओळखून बनविलेली आहेत. त्यांची रचना वेगवेगळी असली, तरी मूळ तत्त्व समान आहे : एक व्यवहार एकदाच नोंदवायचा आणि त्याचा परिणाम सर्व संबंधित खात्यांवर आपोआप व्हायचा.

उदाहरणार्थ, दहा स्ट्रिप उधारीवर खरेदी केल्याची नोंद झाली, की औषधाचा साठा दहाने वाढतो, घाऊक विक्रेत्याचे देणे वाढते, खरेदीच्या खात्यावर रक्कम नावे पडते आणि भरलेल्या कराची स्वतंत्र नोंद होते. वहीत ही कामे चार ठिकाणी करावी लागत. येथे ती एका नोंदीत होतात. सोय मोठी आहे, पण जबाबदारीही तितकीच मोठी आहे. कारण ती एक नोंद चुकली, तर चारही खाती चुकतात.

वस्तूची ओळख

सॉफ्टवेअर सुरू करताना पहिले काम म्हणजे वस्तूंची यादी तयार करणे. प्रत्येक औषधाचे नाव, त्यातील घटक, उत्पादक कंपनी, मोजण्याचे एकक, कमाल किरकोळ किंमत, कराचा दर आणि एचएसएन क्रमांक या यादीत भरावे लागतात. एचएसएन हा वस्तूंच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे. किरकोळ विक्रीसाठी वेष्टनबंद केलेली बहुतेक औषधे ३००४ या शीर्षाखाली येतात.

या यादीत दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक नावाची. एकाच औषधाचे नाव एकाने एका प्रकारे व दुसऱ्याने जरा वेगळ्या प्रकारे टंकले, की संगणक त्या दोन वस्तू समजतो. खरेदी एका नावावर पडते, विक्री दुसऱ्या नावावर. मग एका नावापुढे साठा फुगलेला दिसतो आणि दुसऱ्या नावापुढे उणे आकडा येतो.

दुसरी चूक एककाची. औषधाची खरेदी डब्यांनी होते, साठा स्ट्रिपने मोजला जातो आणि गिऱ्हाईक कधीकधी पाचच गोळ्या मागते. समजा, एका स्ट्रिपमध्ये १५ गोळ्या आहेत. पाच गोळ्या विकताना मदतनीसाने 'गोळी' हे एकक न निवडता 'स्ट्रिप' निवडले, तर संगणकातील साठ्यातून ५ ऐवजी ७५ गोळ्या वजा होतील. खणात माल असूनही पडद्यावर 'शिल्लक नाही' असे दिसेल. एका डब्यात किती स्ट्रिप आणि एका स्ट्रिपमध्ये किती गोळ्या, हे प्रमाण यादी तयार करतानाच अचूक भरणे, म्हणूनच आवश्यक असते.

खरेदी : मागणीपासून बिलापर्यंत

खरेदीचे तीन टप्पे असतात : मागणी नोंदविणे, माल ताब्यात घेणे आणि बिलाची नोंद करणे. लहान दुकानात हे तिन्ही टप्पे एकच व्यक्ती करते, त्यामुळे ते एकमेकांत मिसळून जातात. बिल आले, की ते जसेच्या तसे संगणकात उतरवले जाते आणि खोके नंतर सवडीने उघडले जाते. चुकांचा उगम बहुधा येथेच असतो. बिलात दहा लिहिले आहेत आणि खोक्यात नऊच आहेत, हे दोन दिवसांनी लक्षात आले, तर घाऊक विक्रेता ते मान्य करीलच असे नाही.

योग्य क्रम असा : खोके उघडावे, माल मोजावा, तो मागणीशी व बिलाशी पडताळून पाहावा आणि त्यानंतरच नोंद करावी. प्रत्येक औषधाचा बॅच क्रमांक आणि मुदत वेष्टनावरून वाचून भरावी. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० औषधनामांच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे उत्पादकांना बंधनकारक झाले आहे. त्यात औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत यांची माहिती असते.

घाऊक खरेदीत 'दहावर एक मोफत' अशा योजना असतात. ९० रुपयांची एक याप्रमाणे दहा स्ट्रिप घेतल्या, तर ९०० रुपयांत अकरा स्ट्रिप मिळतात. म्हणजे प्रत्येक स्ट्रिप करापूर्वी सुमारे ८२ रुपयांना पडते. मोफत आलेली स्ट्रिप नोंदवलीच नाही, तर दोन तोटे होतात. खरेदीची किंमत चुकीची दिसते, आणि दुकानात एक अशी स्ट्रिप राहते की जिचा हिशेब कोणाकडेच नाही. अशी स्ट्रिप नाहीशी झाली, तरी कोणाला कळत नाही.

खरेदीच्या नोंदीचा करांशीही संबंध असतो. १ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर लागू झाला. नियमित पद्धतीने नोंदणी केलेल्या दुकानदाराने खरेदीवर दिलेला कर विक्रीवरील करातून वजा करता येतो. समजा, २०,००० रुपयांच्या औषधांवर ५ टक्के दराने १,००० रुपये कर दिला. तीच औषधे २५,००० रुपये अधिक कर या भावाने विकली, तर विक्रीवरील कर १,२५० रुपये होतो. दुकानदाराने सरकारला २५० रुपये भरावयाचे असतात. परंतु १ जानेवारी २०२२ पासून आणखी एक अट आहे : घाऊक विक्रेत्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेले असले पाहिजे. ते दुकानदाराच्या जीएसटीआर-२बी या पत्रकात दिसते. तेथे बिल नसेल, तर १,००० रुपयांची वजावट त्या महिन्यात घेता येत नाही. म्हणून दर महिन्यास आपल्या खरेदीची नोंद आणि हे पत्रक ताडून पाहणे दुकानदाराच्या हिताचे असते.

करांचे दर बदलतात, तेव्हाही सावध राहावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी बहुतेक औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. काही औषधे करमुक्त झाली. संगणकातील दर त्या दिवशी बदलला गेला नाही, तर गिऱ्हाइकाकडून अधिक कर घेतला जातो. याउलट, जुन्या खरेदीच्या नोंदींतील दरही नकळत बदलला गेला, तर आधीचा हिशेब बिघडतो. नवा दर कोणत्या तारखेपासून लागू आहे, हे सॉफ्टवेअरला सांगावे लागते.

साठा : किती ठेवावा, कोणता आधी विकावा

साठा म्हणजे गोठलेले भांडवल होय. माल जास्त ठेवला तर पैसा अडकतो आणि मुदत संपण्याचा धोका वाढतो. कमी ठेवला तर रुग्णास औषध मिळत नाही. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक औषधाची 'मागणी पातळी' ठरविता येते. साठा त्या पातळीवर आला, की संगणक सूचना देतो.

ही पातळी काढण्याची रीत सोपी आहे. एखादे तापाचे औषध रोज सरासरी ६ स्ट्रिप खपते. मागणी नोंदविल्यापासून माल येण्यास ३ दिवस लागतात. अडीअडचणीसाठी १२ स्ट्रिप राखून ठेवायच्या आहेत. तर ६ × ३ + १२ = ३० ही मागणी पातळी झाली. ३० स्ट्रिप उरल्या, की नवी मागणी नोंदवावी.

पण पावसाळ्यात तापाची साथ आली आणि रोजचा खप १५ स्ट्रिपवर गेला, तर? तेव्हा १५ × ३ + १२ = ५७ ही पातळी हवी. उन्हाळ्यातील खपावरून ठरविलेली पातळी तशीच राहिली, तर ऐन साथीत औषध संपेल. पाऊस केव्हा सुरू झाला आणि वस्तीत किती घरी ताप आहे, हे संगणकास ठाऊक नसते. ते दुकानदारास ठाऊक असते. सूचना देणे संगणकाचे काम आहे, निर्णय घेणे माणसाचे.

सर्वच औषधांना एक मापदंड लावूनही चालत नाही. रुग्णालयांच्या औषधभांडारात औषधांचे अत्यावश्यक, आवश्यक आणि इष्ट असे तीन गट करण्याची पद्धत आहे. ज्यावाचून रुग्णाच्या जिवास धोका संभवतो, ते औषध महिन्यात एकदाच विकले जात असले, तरी ते संपू देऊ नये. केवळ खपाचा आकडा पाहणारा दुकानदार नेमके हेच औषध यादीतून काढून टाकण्याची चूक करू शकतो.

औषधांच्या बाबतीत मुदतीला विशेष महत्त्व आहे. वेष्टनावर महिना व वर्ष छापलेले असते. त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध वापरावे, असा त्याचा अर्थ होतो. मुदत संपलेले औषध विकण्यास कायद्याने मनाई आहे. जो माल आधी आला तो आधी विकावा, हा सर्वसाधारण दुकानांचा नियम. औषधांच्या दुकानात मात्र ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी विकावा लागतो. नंतर आलेल्या बॅचची मुदत आधी संपणारी असू शकते. बॅचनुसार नोंद असेल, तर पुढील तीन महिन्यांत मुदत संपणाऱ्या औषधांची यादी सॉफ्टवेअर क्षणात देते. ती औषधे ठरलेल्या अटींनुसार घाऊक विक्रेत्याकडे वेळेत परत करता येतात. एखाद्या बॅचमध्ये दोष आढळून ती बाजारातून परत मागवली गेली, तर ती आपल्याकडे किती शिल्लक आहे, हेही लगेच समजते.

तरीही प्रत्यक्ष मोजणीला पर्याय नाही. गोळ्या फुटतात, बाटल्या सांडतात, माल चुकीच्या खणात जातो, क्वचित चोरीही होते. वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून सर्व माल मोजण्यापेक्षा रोज वीस-पंचवीस औषधे मोजून नोंदीशी ताडून पाहणे सोयीचे असते. फरक आढळला, तर आकडा गुपचूप दुरुस्त न करता त्याचे कारण शोधावे आणि ते कारणासह नोंदवावे.

विक्री आणि कायदा

विक्रीचे बिल झाले, की साठा आपोआप कमी होतो. मात्र गर्दीच्या वेळी 'बिल नंतर करू' असे म्हणून औषध दिले, की नोंद व माल यांची ताटातूट होते. औषधांच्या विक्रीला कायद्याची बंधनेही आहेत. काही प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि सवय लावणारी औषधे 'अनुसूची एच-१' मध्ये येतात. १ मार्च २०१४ पासून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे बंधनकारक आहे. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण या बाबी तीत असाव्या लागतात आणि ती नोंद तीन वर्षे जतन करावी लागते.

सॉफ्टवेअर समान घटक असलेली अन्य औषधेही दाखविते. परंतु चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे औषध मदतनीसाने स्वतःच्या मनाने देणे योग्य नाही. चिठ्ठीवरील औषधे नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या देखरेखीखालीच द्यावयाची असतात. पडद्यावरील यादी त्याची जागा घेऊ शकत नाही.

अहवाल : आकड्यांना प्रश्न विचारणे

सॉफ्टवेअर शेकडो प्रकारचे अहवाल देते. त्यांतील बहुतेक कोणी उघडूनही पाहत नाही. लहान दुकानदारास चार-पाच अहवाल पुरेसे असतात : आज किती विक्री झाली? कोणत्या औषधांचा साठा पातळीखाली आहे? कोणती औषधे सहा महिन्यांत एकदाही विकली गेली नाहीत? कोणाचे देणे व कोणाकडून येणे आहे? कोणत्या औषधांची मुदत संपत आली आहे?

अहवाल वाचताना त्यामागील नोंदींचा विचार करावा. समजा, संगणकाने महिन्याचा नफा ६०,००० रुपये दाखविला. पण अखेरच्या साठ्यात २५,००० रुपयांची मुदत संपलेली औषधे आहेत. ती परतही जाणार नाहीत आणि विकताही येणार नाहीत. ती साठ्यातून वजा केली, तर खरा नफा ३५,००० रुपयेच उरतो. ६०,००० च्या भरवशावर कर्जाचा हप्ता किंवा घरखर्च ठरविला, तर अडचण अटळ आहे.

नोंद कोणाची साक्ष देते?

दुकानात संगणक एक आणि तो वापरणारे तिघे-चौघे असतात. प्रत्येकाला स्वतःचे वापरनाम आणि गुप्त परवलीचा शब्द असावा. जुन्या नोंदीत बदल करण्याचा अधिकार मोजक्याच व्यक्तींना असावा. कोणी, केव्हा, कोणता बदल केला, याचा माग ठेवणारी सोय अनेक सॉफ्टवेअरमध्ये असते. कंपनी कायद्याखालील कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असा माग ठेवणारेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. लहान दुकानदारावर हे बंधन नसले, तरी ही सोय चालू ठेवणे शहाणपणाचे ठरते. त्याचप्रमाणे हिशेबाची राखीव प्रत रोज वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवावी. संगणक बिघडला, तर वर्षाची मेहनत क्षणात वाया जाऊ शकते.

अनेकदा कामगारांना संगणकाची भीती वाटते. तो आपल्यावर पाळत ठेवण्यासाठी आहे, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः चोख नोंद ही प्रामाणिक कामगाराची सर्वांत मोठी साक्षीदार असते. वही मालकाच्या हाती असे आणि साठा त्याच्या अंदाजात. त्यामुळे माल कमी भरला, की संशयाचे बोट समोरच्या माणसाकडे वळे. आता खरेदी कोणी नोंदवली, माल कोणी मोजला, मुदत संपलेला माल कोणी बाजूला काढला, हे सर्व तारीखवार दाखविता येते.

सुरुवातीच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहू. मुदत संपलेल्या त्या चार स्ट्रिप बाजूला काढतानाच 'मुदतबाह्य' म्हणून नोंदविल्या असत्या, तर साठा मागणी पातळीखाली गेल्याची सूचना आदल्या दिवशीच मिळाली असती. नवा माल आला असता, मुलाला आजीच्या गोळ्या मिळाल्या असत्या आणि रात्री मदतनीसाला मान खाली घालून उभे राहावे लागले नसते. एका नोंदीस अर्धा मिनिट लागतो. दुकानाचा विश्वास, कामगाराची प्रतिष्ठा आणि रुग्णाचे औषध त्या अर्ध्या मिनिटावर अवलंबून असते.

स्वाध्याय

१. 'संगणकाला माल दिसत नाही, केवळ नोंद दिसते', हे विधान पाठातील दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.

२. एका औषधाचा रोजचा खप ८ स्ट्रिप आहे. माल येण्यास ४ दिवस लागतात आणि राखीव साठा १० स्ट्रिप ठेवायचा आहे. मागणी पातळी काढा.

३. औषधांच्या दुकानात 'आधी आलेला माल आधी विकावा' हा नियम का पुरत नाही?

४. चोख नोंद कामगाराची साक्षीदार कशी ठरते, ते आपल्या शब्दांत लिहा.

५. आपल्या परिसरातील एखाद्या दुकानास भेट द्या. तेथे खरेदी, साठा व विक्री यांच्या नोंदी कशा ठेवल्या जातात, याची माहिती घेऊन दहा ओळी लिहा.